यातायात चुकवावी कीं सोसावी?

मागील महिन्यांत कल्याण येथें एका व्याख्यानास जाण्याचा योग आम्हांस आला. विषय संतवाङ्मयाचा होता. श्रोते बहुतेक नोकरीपेशाचे, म्हणजे दिवस मुंबईस घालवून रात्रीं जेवण्यापुरते कल्याणास येणारे असे होते. वक्त्यांचा व्यासंग मोठा, वाणी प्रासादिक आणि हेतु शुद्ध. असें असतांहि त्यांनीं त्या दिवशीं दोन विधानें अशीं केलीं कीं, त्यांची दखल घेतल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

त्यांचें पहिलें विधान 'यातायात' या शब्दाविषयीं होतें. संस्कृतांत या शब्दाचा अर्थ केवळ 'जाणें-येणें' एवढाच असून हिंदीनें तो जसाच्या तसा राखला आहे. मराठीनें मात्र त्याला 'त्रास, दगदग' असा भलताच अर्थ चिकटविला. हा आपल्या अडाणीपणाचा अवशेष असून सुशिक्षितांनीं तो आतां टाकून द्यावा व 'वाहतूक' या ओबडधोबड शब्दाच्या जागीं 'यातायात' हा शुद्ध शब्द योजावा, असें त्यांचें म्हणणें पडलें. दुसरें विधान याहून गोड होतें. संसार म्हणजेच यातायात. संतांनीं ती शांतपणें सोसावयास शिकविलें. आणि सकाळच्या गाडीस लोंबकळत जाणारा, तोंडांतून तक्रारीचा शब्द न काढणारा कल्याणकर हाच त्या शिकवणीचा आजचा खरा वारसदार होय, असें ते म्हणाले. यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीहि होतों, हें कबूल केलें पाहिजे. परतीच्या गाडींत उभ्यानें विचार करतां करतां मात्र त्या टाळ्या आम्हांस बोचूं लागल्या.

हीं दोन्ही विधानें आमच्या मतें चुकीचीं आहेत. पहिल्यांत भाषेचा अपराध आहे, दुसऱ्यांत संतांचा. आणि दोहोंचा परिणाम एकच होतो: ज्या माणसाला दुःख आहे त्याच्याजवळून तें सांगण्याचा शब्दहि काढून घेतला जातो.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'यात' म्हणजे गेलेला, 'आयात' म्हणजे आलेला. दोहोंचा संधि होऊन 'यातायात' झाला, एवढें वक्त्यांचें म्हणणें निर्विवाद आहे. परंतु व्युत्पत्ति म्हणजे अर्थ नव्हे. व्युत्पत्ति ही शब्दाची जन्मपत्रिका. अर्थ हें त्याचें चरित्र. जन्मपत्रिका वाचून चरित्र लिहूं पाहणाऱ्याची जी फजिती होते तीच येथें झाली आहे. 'यातायात' हा शब्द मराठींत आला तो दळणवळणाच्या खात्यांतून आला नाहीं. तो कीर्तनाच्या दारानें आला. 'जाणें-येणें' याचा तेथील अर्थ एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणें असा नव्हता. मरून जाणें आणि पुन्हा जन्मून येणें, असा होता. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायांत 'गतागत' असा शब्द आहे. पुण्य सरलें म्हणजे स्वर्गांतून खालीं ढकलले जाणारे आणि पुन्हा वर जाण्यासाठीं धडपडणारे असे जे सकाम याज्ञिक, त्यांच्या फेऱ्यांना उद्देशून तो आला आहे. 'यातायात' हें त्याच 'गतागता'चें भावंड. अशा घरांत वाढलेल्या शब्दास दुःखाचा अर्थ चिकटला यांत अडाणीपणा कसला? उलट तो चिकटला नसता तरच नवल होतें.

मराठीनें हा शब्द किती आपलासा केला याची एक साधी खूण सांगतों. हिंदींत 'यातायात' पुल्लिंगी आहे. मराठींत तो स्त्रीलिंगी झाला. आपण 'मोठा यातायात झाला' असें म्हणत नाहीं. 'केवढी यातायात करावी लागली' असें म्हणतों. परक्या घरचा शब्द लिंगासकट बदलून जेव्हां भाषेंत नांदूं लागतो, तेव्हां तो पाहुणा राहिलेला नसतो. पुन्हा, तो येथें एकटाहि नाहीं. येरझार, खेप, खेटा, हेलपाटा, फेरा, पायपीट, वणवण असें मोठें गोत त्याला मिळालें आहे. या प्रत्येक शब्दांत मूळची गोष्ट चालण्याचीच आहे. पण मराठी माणसानें त्या चालण्याचा थकवाहि शब्दांत भरून ठेविला. कचेरींत गेलों आणि काम झालें, तर त्याला आपण 'गेलों' एवढेंच म्हणतों. काम झालें नाहीं म्हणजे तो 'हेलपाटा' होतो. चारदां जाऊन झालें नाहीं म्हणजे ते 'खेटे' होतात. इतका बारीक विवेक ज्या भाषेनें केला तिला अडाणी म्हणणाऱ्यानें तिचा कोश एकदां उघडून पाहावा.

यांत हिंदीला कमीपणा देण्याचा आमचा यत्किंचितहि हेतु नाहीं. हिंदीनें आपल्या सोयीप्रमाणें शब्दाचा मूळ अर्थ राखला. रस्त्यावरील गाड्यांच्या रहदारीस ती 'यातायात' म्हणते. त्यांत तिचें कांहीं चुकलें नाहीं. चूक होते ती मराठी मजकूर लिहितांना हिंदी अर्थ उचलणाऱ्यांची. 'यातायात सुरळीत सुरू आहे' हें वाक्य हिंदी वाचणाऱ्यास दिलासा देतें. मराठी कानाला मात्र तें 'तुमचे हाल सुरळीत सुरू आहेत' असें ऐकूं येतें. हें ऐकून आम्हांस हंसूं येतें हें खरें. परंतु कल्याणच्या फलाटावर सकाळीं साडेसात वाजतां उभें राहून हें वाक्य वाचणाऱ्यास, भाषांतरकारानें नकळत का होईना पण खरें लिहिलें, असेंच वाटेल!

आतां संतवाङ्मयाकडे वळूं. कारण दुसरें विधान त्याच्या नांवावर केलेलें आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. तिच्या दुसऱ्या अध्यायांत उपजणें आणि नासणें यांच्या फेऱ्यास घटिकायंत्राची उपमा दिली आहे. घटिकायंत्र म्हणजे रहाट घ्या किंवा घटका मोजण्याचें पात्र घ्या. दोहोंत भरणें आणि रितें होणें हें अखंड चालूं असतें. नवव्या अध्यायांत, जेथें गीतेंत 'गतागत' आलें आहे तेथें, ज्ञानेश्वर याहून कठोर झाले आहेत. गांठचा पैसा सरतांच वेश्येचें दारहि बंद व्हावें, तशी पुण्य सरलेल्या त्या याज्ञिकांची अवस्था होते, असा दृष्टान्त ते देतात आणि त्या अवस्थेला 'लाजिरवाणें' असें विशेषण लावतात. वाचकांनीं या विशेषणाकडे लक्ष द्यावें. जाण्यायेण्याच्या या फेऱ्याकडे पाहून ज्ञानेश्वरांस कौतुक वाटलें नाहीं, लाज वाटली.

पुढें एकनाथांचें भागवत, जें १५७३ सालीं काशीस पूर्ण झालें, तुकोबांची गाथा आणि समर्थांचा दासबोध या ग्रंथांतून हीच कल्पना पुनःपुन्हा येते. कोठें 'यातायात' अथवा 'यातायाती' या शब्दानें, कोठें 'येरझार', 'फेरा', 'गर्भवास' या शब्दांनीं. हे ग्रंथ ज्यांच्या घरीं आहेत त्यांस आमची एकच विनंति आहे. त्यांनीं हे शब्द शोधावे आणि त्यांच्या शेजारीं कोणतें क्रियापद उभें आहे तें पाहावें. तेथें 'चुकणें' आढळेल, 'चुकविणें' आढळेल. 'तुटणें', 'खुंटणें', 'सुटणें', 'निवारणें' आढळेल. यातायात चुकली म्हणून आनंद आढळेल. ती चुकत नाहीं म्हणून आकांत आढळेल. ती चुकवावी म्हणून उपदेश तर पानोपानीं आढळेल. परंतु यातायात ही एक शोभा आहे, ती करण्यांत पुरुषार्थ आहे, ती करणाऱ्याचें अभिनंदन असो, असा सूर तेथें लागत नाहीं. शब्दाचा खरा अर्थ त्याच्या सोबत्यावरून कळतो. संतांच्या ठायीं यातायातीचा सोबती 'चुकविणें' हा आहे. तो काढून त्या जागीं 'सोसणें' बसविणें हें भाष्य नव्हे. हा पाठभेद आहे, आणि तोहि पदरचा.

यावर विद्वान वक्ते म्हणतील कीं, संतांनीं सहनशीलता शिकविली नाहीं काय? शिकविली. निंदा सोसावी, अपमान सोसावा, देहाचे भोग सोसावे, असें त्यांनीं सांगितलें व तसें ते वागलेहि. परंतु हें सोसणें चुकविण्याच्या वाटेवरचें सोसणें आहे. औषध कडू आहे तें सोसून प्यावें असें वैद्य सांगतो. म्हणून रोग सोसावा असें तो सांगतो काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो आम्हीच मांडतों. तुकोबांनीं देवापाशीं मुक्ति नाकारून खुशाल गर्भवास मागून घेतला, हें घरोघर म्हटल्या जाणाऱ्या अभंगावरून सर्वांस ठाऊक आहे. मग यातायातीचा स्वीकार संतांनीं केलाच नाहीं असें कसें म्हणतां? याचें उत्तर त्याच अभंगांत आहे. तुकोबा गर्भवास पत्करतात तो अटीवर: देवाचा विसर पडूं नये आणि संतांचा संग नित्य लाभावा. आधीं दान मागितलें आहे, मग फेरा पत्करला आहे. हा लाचाराचा होकार नव्हे. आपल्या अटी घालून मोकळ्या माणसानें केलेला हा करार आहे. ज्याच्यापुढें दुसरी वाटच नाहीं त्यानें मुकाट्यानें गाडी पकडली, तर त्यास तुकोबांचा वारसदार म्हणणें म्हणजे तुकोबांच्या अटी खोडून खालची सही तेवढी ठेवण्यासारखें आहे.

वारीचें उदाहरण यासाठींच बोलकें आहे. आळंदी-देहूहून पंढरीस पायीं जाणें आणि वर्षावर्षाला पुन्हा जाणें, यापेक्षां अधिक जाणें-येणें तें कोणतें? उन्ह आहे, पाऊस आहे, पायांस फोड आहेत. तरीहि वारकरी त्यास यातायात म्हणत नाहीं, वारी म्हणतो. अंतर तेंच, श्रम तेच, फेराहि तोच. पण एका जाण्यांत माणसाची इच्छा आहे आणि दुसऱ्यांत नाहीं. मराठीनें या दोहोंना दोन शब्द दिले. हा भेद पुसून टाकणें ही भाषाशुद्धि नसून अर्थाची लूट आहे.

आणि आतां कल्याणविषयीं. कारण ज्यांच्यापुढें हें व्याख्यान झालें तीं माणसें कल्याणचीं होतीं. जाणें-येणें हें या गांवाला नवें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक दर्यावर्दी वर्णनांत या बंदराचें नांव आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत येथील दात्यांचे उल्लेख आहेत. नाणेघाटानें जुन्नरकडे चढणारा माल या बाजूनें जात असे. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढें या खाडीवर मराठ्यांचीं जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. त्या काळीं गलबतें येत होतीं आणि जात होतीं. पण तें जाणें-येणें गांवाच्या भरभराटीचें होतें. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली; पुढच्याच वर्षीं, १८५४ च्या मे महिन्यांत, लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. येथूनच एक फांटा कसाऱ्याकडे थळघाटास आणि दुसरा कर्जतकडे बोरघाटास गेला. गांव मोठें झालें. परंतु माल जाऊन पैसा यावा या ऐवजीं माणूस जाऊन थकवा यावा, अशी उलटी उलाढाल कालांतरानें सुरू झाली.

थोडा हिशेब करूं. कल्याण ते मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस हें अंतर सुमारें ५४ किलोमीटर. जाऊन येऊन १०८ झाले. वर्षांत कामाचे दिवस ३०० धरले तर ३२,४०० किलोमीटर होतात. आणि तीस वर्षांच्या नोकरींत ९,७२,०००. पृथ्वीचा घेर सुमारें ४०,००० किलोमीटर असल्यामुळें हा गृहस्थ निवृत्त होईपर्यंत पृथ्वीभोंवतीं चोवीस प्रदक्षिणा घालून चुकतो, आणि पोहोंचतो कोठें, तर कल्याणास! जलद गाडीस एका बाजूस एक तास धरला तरी वर्षाचे ६०० तास, म्हणजे अहोरात्र २५ दिवस होतात. तीस वर्षांत ७५० दिवस, म्हणजे दोन वर्षांहून अधिक आयुष्य, बहुधा उभ्यानें. घरापासून स्टेशन आणि स्टेशनापासून कचेरी हा वेळ यांत धरलेलाच नाहीं. मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची उशागत, वाचावयाचें राहून गेलेलें पुस्तक, या सर्वांचा वांटा त्या दोन वर्षांत गेला. बायकांच्या बाबतींत तर गाडीच्या आधींचा स्वयंपाक आणि गाडीनंतरचा स्वयंपाक हीं दोन टोंकें या यातायातीस आणखी जोडलेलीं असतात.

हें झालें जगणाऱ्यांचें. २०२३ या एका वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. म्हणजे दर दिवसास सुमारें सात. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या शेजारून जात असतां दारांत लोंबकळणारीं माणसें खालीं पडलीं व त्यांतील किमान चौघे दगावले. तीं माणसें धाडसासाठीं दारांत उभीं नव्हतीं. आंत जागा नव्हती म्हणून उभीं होतीं. त्यानंतर बंद होणाऱ्या दारांच्या गाड्या आणण्याची घोषणा झाली. ठाणे-दिवा यांमधील पांचवी-सहावी मार्गिका २००८ सालीं मंजूर झाली होती. ती सुरू झाली २०२२ च्या फेब्रुवारींत. मधलीं चौदा वर्षें कोणीं सोसलीं? रामायणांतला वनवासहि चौदाच वर्षांचा होता. पण तो निदान पित्याच्या वचनासाठीं होता. रेल्वेच्या मृत्यूंचा प्रश्न २०२४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां न्यायमूर्तींनीं प्रवाशांच्या या स्थितीबद्दल लाज वाटते असे उद्गार काढले. सातशें वर्षांपूर्वीं ज्ञानेश्वरांनीं गतागताच्या फेऱ्याला जें विशेषण लावलें, तेंच भाव न्यायासनावरून उमटले. कांहीं दुःखें अशीं असतात कीं, त्यांत सांपडलेल्यापेक्षां पाहणाऱ्यास लाज वाटली पाहिजे.

अशा वेळीं व्यासपीठावरून 'तुमची सहनशीलता धन्य आहे' असें सांगणें हें वरकरणीं कौतुक असलें तरी त्याचा व्यवहारांतला अर्थ 'तुम्ही आहांत तेथेंच राहा' असा होतो. ज्याची स्तुति होते त्याला तक्रार करण्याची चोरी होते. आणि ज्यांनीं मार्ग वाढवावयाचे, गाड्या वाढवावयाच्या, माणसाचें काम माणसाच्या घराजवळ आणावयाचें, त्यांची झोंप या स्तुतीनें अधिक गाढ होते. वक्त्यांच्या मनांत असें कांहीं नव्हतें, याविषयीं आमची खात्री आहे. परंतु सदिच्छेनें दिलेलें चुकीचें औषध औषध ठरत नाहीं.

कोणी म्हणेल, तुम्ही मोक्षाचा शब्द आगगाडीला लावून त्याचें पावित्र्य घालवीत आहां. तर तें काम आम्हीं केलेलें नाहीं. तें लोकांनीं केव्हांच केलें आहे. संसाराच्या फेऱ्यासाठीं घडलेला शब्द त्यांनीं कोर्टाच्या खेपांस, पाण्याच्या घागरींस, लग्नाच्या खटपटीस लावला, आणि हें करतांना शब्दाचा गाभा मात्र अचूक राखला: ज्या जाण्यायेण्यांत माणूस अडकला आहे आणि ज्यांतून सुटावें असें त्यास वाटतें, ती यातायात. कवींनींहि हेंच केलें. १९४७ सालच्या 'कांहीं कविता' या संग्रहांत मर्ढेकरांनीं लोकल गाडी आणि मुंग्यांसारखी माणसें कवितेंत आणलीं. आणि त्याच कवीनें संतांचा अभंग आपल्या यंत्रयुगाच्या वेदनेसाठीं हातीं घेतला. संतांची भाषा आजच्या दुःखास लावणें ही विटंबना नसून तिचा तो वारसाच आहे. विटंबना होते ती तिचा उपयोग दुःख झांकण्यासाठीं केल्यानें.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. गाड्यांच्या रहदारीस मराठींत 'वाहतूक' हा चांगला शब्द आहे. तो ओबडधोबड असेल, पण ओझीं वाहणाऱ्याला तो शोभतो. 'यातायात' हा शब्द आपण आपल्या अर्थानिशीं जपून ठेवावा, कारण शेंकडों वर्षांच्या वापरानें तो एका विशिष्ट कष्टाचें नांव झाला आहे. आणि तो वापरतांना त्याच्या शेजारचें जुनें क्रियापदहि वापरावें. ज्या दिवशीं कल्याण-डोंबिवलीचा माणूस 'आम्ही यातायात सोसतों' असें अभिमानानें म्हणण्याचें सोडून 'ही यातायात चुकली पाहिजे' असें म्हणूं लागेल, त्या दिवशीं तो संतांच्या अधिक जवळ गेलेला असेल.

सकाळच्या कांहीं गाड्यांत भजनी मंडळी बसतात, हें या मार्गानें जाणाऱ्यांस ठाऊक आहे. डब्याच्या एका कोपऱ्यांत टाळ वाजूं लागतात. हात हालविण्यास जागा नसते, म्हणून कोणी कोणी दोन बोटांनींच ठेका धरतो. आम्हीहि त्या डब्यांत पुष्कळदां उभे राहिलों आहों. त्या व्याख्यानानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच कोपऱ्यांतून जन्ममरणाचे फेरे चुकवावे म्हणून विठ्ठलाला घातलेलें सांकडें ऐकूं आलें. गाणारे घामानें निथळत होते. मुंब्र्याचें वळण आलें तेव्हां दारांतल्या माणसांनीं दांडी अधिक घट्ट धरली आणि आंतल्यांनीं एकमेकांना न सांगतां आणखी वीतभर आंत सरून त्यांस जागा करून दिली. भजन थांबलें नाहीं. त्या अभंगाचा अर्थ त्या डब्यांत कोणालाहि समजावून सांगावा लागला नसता.